आमची सरमा

कुत्र्यावर लेख लिहावयास बसलों असें ऐकून आमच्या वहिनी हंसल्या. "भाऊजी, जन्मभर तुम्ही कुत्र्याशीं 'हाड' या एका शब्दानें बोललांत, आतां चार पानें लिहिणार?" त्यांचें म्हणणें खोटें नाहीं. मी पाठशाळेंत संस्कृत शिकलेला, मॅट्रिक होऊन शिक्षकी पेशांत शिरलेला माणूस. छत्तीस वर्षें मुलांकडून रूपें घोकवून २०१६ सालीं सेवानिवृत्त झालों. कुत्रा मला ठाऊक होता तो व्याकरणांतला. पाणिनीनें कुत्रा, तरुण आणि इंद्र या तिघांना एकाच सूत्रांत बसविलें आहे, कारण तिन्ही शब्दांचा एक विकार सारखाच. ही गंमत मी दरवर्षीं वर्गांत सांगत असें व मुलें हंसत. माझ्या श्वानप्रेमाचा पल्ला एवढाच.

त्याच वर्षीं भाद्रपदांत वडिलांच्या श्राद्धासाठीं आम्ही सारीं संगम माहुलीस गेलों. साताऱ्याच्या पूर्वेस तासाभराच्या चालीवर कृष्णा आणि वेण्णा या नद्यांचा हा संगम. थोरल्या शाहू महाराजांच्या लाडक्या कुत्र्याची म्हणून एक समाधि तेथें दाखवितात. पण तिच्याजवळून मी शंभर वेळां गेलों असेन, थांबलों मात्र कधीं नव्हतों. श्राद्धविधि आटोपला, घास बाहेर ठेवले, आणि पायऱ्यांच्या आडून एक तांबूस रंगाची कुत्री लंगडत पुढें आली. गळ्यांत दोरीचा तुकडा रुतलेला, पुढचा एक पाय वांकडा. ती घासाकडे सरकली तशी मीं काठी उगारली. मारावयाची नव्हे, केवळ भिववावयाची. परंतु ती पळाली नाहीं. जागच्या जागीं भुईसपाट झाली, डोळे घट्ट मिटले, आणि तिच्याखालचा दगड ओला झाला.

"आजोबा, ती पळत कां नाहीं?" माझ्या सात वर्षांच्या नातीनें विचारलें. मला उत्तर सुचलें नाहीं.

नातीनें रडून आकांत केला. चिरंजीव घुटमळले. सोंवळ्याओंवळ्याचा प्रश्न मींच काढला, आणि तो वहिनींच्या नांवावर काढला, कारण घरांत सोंवळें कडक तें त्यांचें. वहिनी शांतपणें म्हणाल्या, "भाऊजी, कुत्र्याचा म्हणून घास आपणच काढून ठेवतों ना? मग तो खरोखरीच्या कुत्र्यानें खाल्ला तर बिघडलें कोठें?" यावर मजजवळ शास्त्रार्थ नव्हता. रिक्षांतून परततांना ती नातीच्या पायांशीं निपचित पडून होती.

गुरांच्या दवाखान्यांतील डॉक्टरांनीं दांत पाहून वय दोनएक वर्षें सांगितलें. पाय पूर्वीं कधीं तरी मोडून तसाच वांकडा सांधलेला होता. गोचिडी काढल्या, रेबीजची लस टोंचली, पुढें शस्त्रक्रियाही झाली. नांव मीं ठेविलें सरमा. पोरांनीं तिचें सरू केलें. ऋग्वेदांतली सरमा ही इंद्राची कुत्री, पणींनीं चोरलेल्या गाईंचा माग काढणारी. महाभारताच्या आरंभींही ती भेटते. जनमेजयाच्या भावांनीं तिच्या निरपराध पिल्लाला बदडलें, तेव्हां भर यज्ञमंडपांत येऊन तिनें जाब विचारला. ही कथा मीं किती वर्षें शिकविली! पण तें पिल्लूं मार खातांना कसें दिसत असेल, हें कधीं मनांत आलें नव्हतें.

घरीं आल्यावर ती मला सोडून सर्वांची झाली. मी ओसरीवर आलों कीं बाकाखालीं जाई. कारण उघड होतें. गुडघ्यामुळें माझ्या हातीं काठी असे. मीं ती दाराआड खुंटीला अडकविली. मग छत्री आली, तिचीही तीच गत. गुंडाळलेलें वर्तमानपत्र देखील चालेना. एके दिवशीं खिडकीची वरची कडी लावावी म्हणून हात वर केला, तों ही पुन्हां भुईसपाट, डोळे मिटलेले.

हें डोळे मिटणें मीं पूर्वीं पाहिलें होतें. कोठें, तें आठवावयास मला दोन दिवस लागले.

१९९१ सालच्या सुमाराची गोष्ट. क्रमिक पुस्तकांत 'राजन्' शब्द होता. 'श्वन्' मीं आपल्या हौसेनें अधिकचा घातला होता. तिसऱ्या बांकावरच्या एका मुलाला द्वितीयेचें बहुवचन विचारलें. तो म्हणाला, "श्वानः." पाहिजे होतें "शुनः." त्याला मीं हातावर सहा छड्या मारल्या. पहिली छडी पडण्यापूर्वींच त्यानें डोळे मिटले होते. तो एकटाच नव्हे. पण मला आठवला तो. १ एप्रिल २०१० पासून शिक्षणहक्काच्या कायद्यानें मुलांस मारणें बंद झालें, तेव्हां मीं छडी कपाटांत ठेविली. कायद्यानें ठेविली, मनानें नव्हे. शिक्षकांच्या खोलींत त्या कायद्याची यथेच्छ थट्टा करणाऱ्यांत मी पुढें होतों.

सरमा माझ्याजवळ आली ती तीन महिन्यांनीं, आणि तीही आपण होऊन. मी पोथी वाचीत बसलों होतों. पायाच्या अंगठ्याला ओलें नाक लागलें. मीं हात हलविला नाहीं. पुढें सात वर्षें माझ्या पावलावर हनुवटी टेकून बसणें हा तिचा सायंकाळचा नेम. माजघराचा उंबरठा तिनें एकदांही ओलांडला नाहीं. तो तिला कोणीं शिकविला, हें आम्हांला कळलें नाहीं. वहिनी सांगतात कीं त्यांनीं एकदांच सांगितलें होतें. २०२१ सालीं करोनानें वहिनी मागच्या खोलींत एकट्या पडल्या, तेव्हां ती अंगणांतून वळसा घालून त्या खोलीच्या खिडकीखालीं जाऊन बसे, आणि जेवावयास देखील हांक मारून आणावी लागे.

२०१९ सालीं लसीसाठीं तिला दवाखान्यांत नेलें होतें. तेथें वासरूं घेऊन आलेल्या एका गृहस्थानें वांकून मला नमस्कार केला. दुधाचा धंदा करतों म्हणाला. सरमेकडे त्याची दृष्टि गेली आणि तो खो खो हंसला. "गुरुजी, शुनः!" म्हणाला, आणि गंमतीनें तळहात माझ्यापुढें धरला. मला कांहीं तरी बोलावयाचें होतें. शब्द जुळत आले होते. मीं विचारलें, "वासराला काय झालें?" त्यानें सविस्तर सांगितलें. तेवढ्यांत आमचा नंबर आला.

२०२३ च्या दिवाळीपासून तिचें अन्न तुटलें. मूत्रपिंडें निकामी होत आलीं होतीं. डॉक्टरांनीं शिकविल्याप्रमाणें चिरंजीव रोज तिच्या कातडीखालीं सलाईन देत. सुई टोंचतांना ती माझ्याकडे पाही. डोळे मिटीत नसे. माघांत एका पहाटे ती गेली. वेण्णेच्या काठीं एका परिचितांच्या शेतांत, आंब्याखालीं तिला पुरलें. वहिनींनीं त्या दिवशीं भाताचा पहिला घास काढला आणि ताटाशेजारीं तसाच राहूं दिला.

गुडघा आतां पूर्वींपेक्षां अधिक दुखतो. गेल्या महिन्यांत चिरंजीवांनीं खुंटीवरची काठी काढून, पुसून माझ्या हातीं दिली. "अण्णा, आतां तरी घ्या." घेऊन निघालों. वळणावर गल्लींतलीं दोन कुत्रीं निजलीं होतीं. काठी काखेंत धरली आणि भिंतीच्या आधारानें परत आलों.