डबीची पाठ वाचताना

माणसाची पारख चेहऱ्यावरून करू नये, असं म्हणतात. चेहऱ्याला लावायच्या क्रीमचंही तसंच आहे. डबीचं तोंड नेहमी गोड बोलतं. निळंशार पाणी, टपोरा थेंब, कोरफडीचं रसरशीत पान आणि त्याखाली 'वॉटर जेल', 'अल्ट्रा लाइट' असले शब्द! डबी उलटी केली की मात्र मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत एक यादी दिसते. ती कुणी वाचत नाही. पण खरं काय ते तिथंच लिहिलेलं असतं.

माझ्यावर ही यादी वाचायची वेळ आली ती माझ्या भाचीमुळे. ती नागपूरला असते, वय वर्षं १७, बारावीचं वर्ष. गेल्या पावसाळ्यात तिच्या गालांवर आणि कपाळावर मुरमांनी ठाण मांडलं. आधी ती ओढणीनं तोंड गुंडाळून क्लासला जायची. मग ओढणी आत बसल्यावरही सुटेना. मग 'पोट दुखतंय', 'डोकं दुखतंय' सुरू झालं आणि ऑगस्टमध्ये क्लासच बंद! ताई हादरली. तिला सरळ त्वचारोगतज्ज्ञांकडे घेऊन गेली.

डॉक्टरांनी रात्री लावायला अ‍ॅडापलीनचं मलम दिलं आणि दोन गोष्टी बजावून सांगितल्या. एक, गुण यायला दोन-तीन महिने लागतात, धीर धर. दुसरी, सुरुवातीचे काही आठवडे कातडी कोरडी पडेल, पापुद्रे निघतील, तेव्हा बरोबर एखादं हलकं मॉइश्चरायझर लाव.

पोरीनं पंधरा दिवसांत मलम कपाटात टाकलं. चेहरा चुरचुरत होता आणि मॉइश्चरायझर लावायला ती तयार नव्हती. घरातली कोल्ड क्रीम लावली की चेहरा तेल सोडलेल्या तव्यासारखा चमकतो, ही तिची तक्रार. भाऊजींची वेगळीच. "औषध आणलं ते ठीक, पण ही क्रीमची थेरं कशाला? अभ्यासाचं वय आहे." शेवटी फोन माझ्याकडे आला. "मावशी, तू साप्ताहिकात लिहितेस ना? मग मला न चिकटणारं, तेल नसलेलं काहीतरी शोधून दे. नाहीतर मी काहीच लावणार नाही."

काहीच लावणार नाही, म्हणजे औषधही नाही. म्हणजे मुरमं राहणार, क्लास बुडणार आणि बारावीचं वर्ष ओढणीआड जाणार. तेव्हा मी तीन हलक्या जेलच्या डब्या विकत आणल्या आणि भिंग घेऊन बसले.

यादी वाचायची एक किल्ली आहे, ती आधी सांगते. आपल्याकडच्या २०२० सालच्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार जे घटक १ टक्क्याहून जास्त आहेत ते उतरत्या क्रमानं लिहावे लागतात. सगळ्यात जास्त ते सगळ्यात आधी. १ टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक त्यानंतर येतात, पण ते कोणत्याही क्रमानं लिहिले तरी चालतात. म्हणजे यादी ही लग्नाच्या पंगतीसारखी. पुढच्या चार-पाच पानांवर कोण बसलंय ते पाहायचं, शेवटच्या रांगेत कुणीही कुठेही बसलेलं असतं.

पहिली डबी निळी, तिघींत सगळ्यात महाग. पुढे मोठ्या अक्षरांत 'हायलुरॉनिक'. मागची यादी अशी सुरू होते : पाणी, डायमेथिकोन, ग्लिसरीन. मग फिनॉक्सिइथेनॉल. त्यानंतर कार्बोमर आणि बरीच मंडळी, त्यांच्या गर्दीत सोडियम हायलुरोनेट, आणि शेवटी सुगंध व निळा रंग.

यातलं फिनॉक्सिइथेनॉल फार उपयोगाचं. ते क्रीम नासू नये म्हणून घालतात आणि युरोपच्या नियमांत त्याची कमाल मर्यादा १ टक्का आहे. म्हणून मी त्याला कुंपण म्हणते. या कुंपणापलीकडचा घटक १ टक्क्याच्या आतलाच असणार, असा अंदाज बांधायला हरकत नाही. आमच्या निळ्या डबीतला हायलुरॉनिकवाला पाहुणा कुंपणापलीकडे!

या हायलुरॉनिक आम्लाचा शोध १९३४ साली कार्ल मेयर आणि जॉन पामर यांनी लावला, तोही गाईबैलांच्या डोळ्यांतल्या पारदर्शक गरात. ग्रीक भाषेत काचेला 'हायलॉस' म्हणतात, त्यावरून नाव पडलं. ते पाणी धरून ठेवतं हे खरं, आणि अगदी थोडं घातलं तरी द्रव दाट करतं, म्हणून ते कमीच घालतात. तेव्हा कंपनी खोटं बोलत नाही. पण डबीच्या तोंडावर ते जेवढं मोठं दिसतं, तेवढं मोठं काम आत त्याच्या वाट्याला आलेलं नसतं. काम करतात ती पुढच्या पानांवरची मंडळी.

त्यात मुख्य ग्लिसरीन. आमच्या आजीच्या फडताळात ग्लिसरीन आणि गुलाबपाणी एकत्र केलेली एक बाटली असायची. थंडीत ओठ फुटले, टाचा फुटल्या की ती बाटली बाहेर यायची. महागड्या जेलच्या पोटातही आजीची तीच बाटली आहे, हे पाहून मला हसूच आलं. ग्लिसरीन पाणी ओढून घेतं आणि कातडीच्या वरच्या थरात धरून ठेवतं. एवढं स्वस्त आणि एवढं कामाचं दुसरं काही या यादीत क्वचितच सापडेल.

मग भाचीचा प्रश्न : तेल नाही तर कातडी मऊ कशी होणार? याचं उत्तर १९५२ साली अमेरिकेतले शास्त्रज्ञ अर्विन ब्लँक यांनी दिलं होतं. त्यांनी वाळलेल्या घट्ट्याची कातडी घेतली. ती तेलात ठेवली तर कडकच राहिली. पाणी मिळालं तेव्हा मऊ झाली. म्हणजे कातडी मऊ राहते ती पाण्यानं. तेल फक्त झाकण ठेवतं, पाणी उडू देत नाही. ज्या चेहऱ्यावर आधीच भरपूर तेल आहे त्याला पाणी धरणारं काहीतरी द्यावं आणि झाकण पातळ ठेवावं, हे त्यातलं इंगित.

पातळ झाकणाचं काम डायमेथिकोन करतं. हे एक सिलिकोन. कातडीवर तलम पापुद्र्यासारखं पसरतं, आत शिरत नाही, आणि ग्लिसरीनचा चिकटपणा झाकतं. राहता राहिला जेलपणा. तो आणतो कार्बोमर. ही पूड पाण्यात घालून तिचा आंबटपणा मोडला की ती फुगते आणि चिमूटभर पुडीवर भांडंभर पाणी थरथरत्या जेलीसारखं उभं राहतं. मग 'वॉटर जेल' म्हणजे काय? बरंचसं पाणी, आजीचं ग्लिसरीन, पातळ झाकण आणि चिमूटभर जादू.

हे वाचून 'म्हणजे फसवणूकच की!' असं म्हणू नका. चिकट ग्लिसरीन १७ वर्षांची मुलगी दुसऱ्या दिवशी लावणार नाही, हलकं जेल लावेल. रोज लावलं गेलं तरच मॉइश्चरायझरचा उपयोग. तेव्हा त्या हलकेपणाचे पैसे मोजायला माझी हरकत नाही. किती मोजायचे, एवढाच प्रश्न.

दुसरी डबी हिरवी, कोरफडीची. लावताच गालाला गार वाटलं. यादी पाहिली तर दुसऱ्याच पानावर 'अल्कोहोल डिनॅट'! हे भुर्रकन उडून जाणारं अल्कोहोल. गार वाटतं ते त्याच्या उडण्यानं, आणि औषधानं सोललेल्या कातडीला ते झोंबतं व आणखी कोरडं करतं. यादीत 'सिटाइल अल्कोहोल' दिसलं तर मात्र घाबरू नका. नाव अल्कोहोलचं असलं तरी तो मेणासारखा मऊ पदार्थ आहे, त्यानं कातडी कोरडी होत नाही. कोरफडीचं म्हणाल तर तिच्या गरात ९८-९९ टक्के पाणीच असतं. हिरवा रंगसुद्धा कोरफडीचा नव्हता. यादीच्या शेवटी रंगाचा क्रमांक गुपचूप बसला होता, शेजारी सुगंध.

या सुगंधाविषयी थोडं. 'फ्रॅग्रन्स' किंवा 'परफ्यूम' या एका शब्दामागे कितीतरी रसायनं दडलेली असू शकतात. बहुतेकांना त्यांचा त्रास होत नाही. पण ज्यांची कातडी आधीच चिडलेली आहे, त्यांनी वासाच्या मोहात न पडलेलं बरं. लिनालूल, लिमोनीन ही नावं दिसली तर तीही वासाचीच माणसं.

मग 'काहीच रसायन नको, घरीच पाणी आणि ग्लिसरीन कालवते' असं कुणी म्हणेल. एकदा लावण्यापुरतं ठीक. पण पाण्यानं भरलेली डबी, त्यात रोज बोट बुडणार आणि ती उबदार न्हाणीघरात राहणार, म्हणजे जंतूंचा पाहुणचारच. तेव्हा नासू न देणारा घटक हवाच. फक्त तो कोणता ते पाहावं. मिथाइलआयसोथायझोलिनोन हे लांबलचक नाव दिसलं तर ती डबी मी खाली ठेवते. त्यानं अनेकांना अ‍ॅलर्जी होऊ लागली, म्हणून २०१७ पासून युरोपात चेहऱ्यावर लावून ठेवायच्या क्रीममध्ये त्याला बंदी आहे.

तिसरी एक साधी पांढरी नळी होती. आपल्याकडच्याच एका कंपनीची, औषधाच्या दुकानात मिळालेली, निळ्या डबीच्या निम्म्या किमतीत. पुढे पानफूल काही नाही. मागे : पाणी, ग्लिसरीन, नायसिनामाइड, डायमेथिकोन, पँथेनॉल, मग कुंपण आणि कार्बोमर. सुगंध नाही, रंग नाही. नायसिनामाइड म्हणजे ब-३ जीवनसत्त्व, कातडीची भिंत मजबूत व्हायला मदत करणारं, आणि इथं ते कुंपणाच्या अलीकडे, पुढच्या पंगतीत. नळी असल्यानं बोटही बुडवायला नको. मी हीच नागपूरला पाठवली.

"यावर 'नॉन-कॉमेडोजेनिक' असं लिहिलंय, म्हणजे मुरमं येणारच नाहीत ना?" भाचीनं विचारलं. मी म्हटलं, तो कंपनीचा शब्द आहे. कायद्यानं ठरवून दिलेली त्याची एकच अशी कसोटी नाही. तुझी कसोटी तुझीच कातडी. आधी कोपराच्या आतल्या बाजूला एकाच जागी आठवडाभर सकाळ-संध्याकाळ लाव. लाल झालं नाही, खाजलं नाही, तर चेहऱ्याला. आणि डॉक्टरांना नळी दाखवून मगच. तिनं दाखवली, त्यांनी मान डोलावली.

भाऊजींशी मीच बोलले. "भाऊजी, कडक गोळी असली की डॉक्टर आधी दोन घास खाऊन घ्या म्हणतात की नाही? ते दोन घास म्हणजे काही मेजवानी नसते. तसंच आहे हे." भाऊजी थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "एक नळी किती दिवस पुरते?" मी समजले, गाडी रुळावर आली.

मलम कपाटातून बाहेर आलं. सप्टेंबरात पापुद्रे कमी झाले, दिवाळीच्या सुमारास नवी मुरमं बरीच थांबली. डाग अजून आहेत, ते सावकाश जातील. पण पोरगी क्लासला जाऊ लागली, आणि आत बसल्यावर ओढणी दप्तरात जाते, असं ताई सांगते. मुरमं जेलनं घालवली नाहीत, ते काम औषधाचं. जेलनं एवढंच केलं, की औषध टिकू दिलं.

याच नळीनं ताईची मात्र निराशा केली. डिसेंबरात तिनं लेकीची नळी स्वतः लावून पाहिली. तासाभरात चेहरा ओढल्यासारखा! यात नळीचा दोष नाही. ताईची कातडी मुळात कोरडी, त्यात नागपूरची कोरडी थंडी. पातळ झाकणावर तिचं भागत नाही, तिला दाट क्रीमच हवी. मला मुंबईच्या दमट हवेत हेच जेल बारा महिने पुरतं. दिल्ली-इंदूरच्या थंडीत राहणाऱ्या आणि गोवा-कोचीच्या घामात राहणाऱ्या मैत्रिणींनी एकमेकींना क्रीम सुचवताना आधी हवामान विचारावं, ते याचसाठी.

तेव्हा मैत्रिणींनो, दुकानात दोन मिनिटं जास्त उभ्या राहा. यादी पुष्कळदा डबीवर नसून खोक्यावर असते, म्हणून खोकं मागून घ्या आणि घरी आल्यावर लगेच फेकू नका. ३० ग्रॅमहून लहान डबीवर यादी छापलीच पाहिजे असा नियम नाही, म्हणून पहिल्यांदा घेताना यादी असलेलीच घ्या. पहिली पाच नावं वाचा, कुंपण शोधा, सुगंध आहे का बघा. आपण पाव किलो टोमॅटो घेतानाही प्रत्येक टोमॅटो उलटून पाहतो. आणि इथं तर सवाल लेकीच्या चेहऱ्याचा आहे!