उरलेल्या हेरिंगचं काय केलंस?

केज
मृगाचा दुसरा आठवडा

चि. बाळ यास अनेक आशीर्वाद.

अटलांटाजवळच्या लेनियर तलावावरचा तुझा व्हिडिओ मिळाला. तू धरलेला स्ट्रायपर मासा दांडगा आहे. रुपेरी अंगावर त्या काळ्या रेघा पट्टी ठेवून आखल्यासारख्या दिसतात. तुझी मामी म्हणाली, "पोरगं वाळलंय." ते काही माझ्या ध्यानात आलं नाही. मी शेवटच्या अर्ध्या मिनिटावरच अडकलो. होडी काठाला लागते, तू आमिषाचे टाकीत उरलेले जिवंत हेरिंग जाळीने काढतोस, तलावात सोडतोस आणि वर म्हणतोस, "जा रे बाबांनो, जगा." मामीच्या डोळ्यांत पाणी आलं. मला मात्र रात्री झोप आली नाही.

तू विचारलंस ते एवढंच, की दिवाळीला आल्यावर आपल्या मांजरा धरणावर जिवंत आमिषाला काय लागेल आणि आमिष कोणतं धरायचं. त्याचं उत्तर सोपं आहे. मरळ लागेल, नशीब असलं तर वाम. आमिषाला गांडूळ किंवा तिथल्याच पाण्यातला झिंगा घ्यायचा. बेडूक घ्यायचा नाही. का, ते पुढे सांगतो. पण आधी त्या टाकीचं बोलू दे.

उरलेलं जिवंत सोडून दिलं की पुण्य लागतं, हे तू तुझ्या आईकडून उचललंस. नागपंचमीला गारुड्याला पैसे देऊन साप सोडवायची ती, आणि तो गारुडी वेशीबाहेर गेला की तोच साप पुन्हा टोपलीत घालायचा. तिला सांगून उपयोग नव्हता. तू तर इंजिनिअर आहेस.

ब्लूबॅक हेरिंग हा अटलांटिकच्या किनाऱ्याचा मासा. समुद्रात वाढतो, अंडी घालायला नदीत चढतो. डोंगरातल्या जलाशयांशी त्याचा काय संबंध? तो तिथे पोचला तो बहुतेक गळवाल्यांच्या टाक्यांतूनच. नॉर्थ कॅरोलायनातल्या हायवासी जलाशयात तो आला आणि वॉलआय नावाच्या माशाची वीण बसली, कारण हेरिंग त्याची नुकती फुटलेली पिल्लंच खातो. म्हणजे ज्यांनी मोठ्या माशाच्या लोभाने आमिष आणलं, त्यांच्याच हातून दुसरा मोठा मासा गेला.

आता तू म्हणशील, "मामा, लेनियरमध्ये हेरिंग आधीच भरलाय, स्ट्रायपर त्याच्यावरच पोसलेत." मान्य. पण दुकानातून आणलेल्या त्या टाकीत निव्वळ हेरिंगच होते, हे तू कशावरून सांगतोस? त्यात दुसऱ्या कुठल्या माशाचं पिल्लू असेल, गोगलगाय असेल, पाण्याबरोबर एखादा रोग असेल. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत उरलेलं आमिष पाण्यात सोडायला बंदी आहे. तुझ्या राज्याचा नियम काय ते वाचून मला कळव. होडीच्या हप्त्याचे कागद वाचतोस, तसं हेही वाच.

तुला वाटेल, म्हातारा उगाच तापलाय. पण माझी सगळी नोकरी पाटबंधाऱ्यात गेली. धरणाकडे तलाव म्हणून बघायची मला सवयच नाही. मांजरा पाटोद्याच्या डोंगरातून येते, धनेगावला अडते. आपलं धरण भरलं की पाणी २२४ दशलक्ष घनमीटर, त्यातलं सुमारे ४७ मृतसाठा. त्यातून लातूर पितं, अंबाजोगाई पितं, आपलं केज पितं. तुमच्या तलावाला कवी सिडनी लेनियरचं नाव. आमच्या धरणाचं पाणी आद्यकवी मुकुंदराजांच्या अंबाजोगाईला जातं. कवीचा हिशेब बरोबरीत सुटला. अटलांटाही लेनियरचंच पाणी पिते ना? २००७ च्या दुष्काळात तिथले धक्के कोरड्या चिखलात उभे होते. मग तुला मांजऱ्याचं वेगळं काय सांगायचं?

धरणातलं पाणी माणसाने अडवलेलं असतं आणि मासाही बराचसा माणसानेच सोडलेला असतो. तुझा स्ट्रायपरही सोडलेलाच. त्याची अंडी वाहत्या पाण्यात साधारण दोन दिवस तरंगत राहिली तरच फुटतात. संथ पाण्यात ती तळाला बसून मरतात. म्हणून लेनियरमध्ये सरकार दरवर्षी पिल्लं सोडतं. तिकडच्याच सँटी-कूपर नद्यांवर धरण झालं तेव्हा आत अडकलेल्या स्ट्रायपरला वर वाहत्या नद्या मिळाल्या, म्हणून तिथे तो आपोआप वाढला. आपल्या रोहू, कटला, मृगळाचंही तसंच आहे. पुराचं वाहतं पाणी नसेल तर ते वीत नाहीत. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात हिरालाल चौधरींनी माशाच्याच पियुषिका ग्रंथीचं इंजेक्शन देऊन त्यांची वीण करून दाखवली, आणि मग देशभर तळ्याधरणांत मत्स्यबीज सोडता यायला लागलं. अशा धरणांत भोयांची सहकारी संस्था ठेका भरते, बोटुकली विकत आणते, सोडते, आणि पाऊस चांगला झाला तर वर्षभराने काही हाताला लागतं. हे सगळं उधारीवर चालतं, बाळ.

आणि त्यात चिलापी शिरते. तिला ना पूर लागतो ना इंजेक्शन. मादी अंडी तोंडात धरून फिरते आणि वर्षातून कितीदा तरी विते. १९५२ साली हा मासा बाहेरून आपल्या देशात आणला. गरिबाला स्वस्त मासा मिळावा, हा हेतू चांगला होता. सात वर्षांनी, १९५९ ला, तिचा प्रसार करू नये असं ठरलं. तोवर ती निघून गेली होती. आज उजनीवर जाऊन भोयाला विचार, जाळ्यात काय येतं. हातभर कटल्याच्या जागी वीतभर चिलापी. पोट भरतं, कर्ज फिटत नाही. आफ्रिकन मांगूरचंही तेच. केंद्राने त्याच्यावर २००० सालीच बंदी घातली, तरी भीमेच्या काठाला शेततळ्यांतून तो पाळला जातच राहिला. हा मासा हवेवर श्वास घेतो, चिखलात जगतो, दुसरी पिल्लं फस्त करतो.

मांजऱ्यात मला त्याचीच धास्ती वाटते. २०१६ ला धरण तळाला गेलं, एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. तू तेव्हा तिकडे होतास. टीव्हीवर पाहून फोन केला होतास आणि फोनवर रडला होतास. त्या चिखलात रोहू-कटला मेले. मरळ मात्र गाळात ओलीला दबा धरून राहते. तिलाही वरची हवा घेता येते. अशा वर्षी धरण स्वच्छ होतं असं लोक म्हणतात. होतं, पण जे चिवट आहे ते उरतं. चिवटांत मांगूर असला तर पुढच्या पावसात पहिला मालक तो.

म्हणून सांगतो, जिवंत आमिष वाईट नाही. गळाच्या टोकाला झिंगा वळवळला की मरळ जशी उठते, तशी ती पिठाच्या गोळीला उठत नाही, हे मलाही ठाऊक आहे. तू हेरिंगसाठी गोल टाकी ठेवतोस, मीठ घालतोस, हवेचा पंप लावतोस, नळाच्या पाण्यातला क्लोरीन काढतोस. एवढी काळजी तर मी तुझ्या मुंजीत आचाऱ्याचीही घेतली नव्हती. पण आमिष त्याच पाण्यातलं असावं. उरलं तर ते तळून खावं, झाडाच्या मुळाशी पुरावं, मांजराला घालावं. दुसऱ्या पाण्यात सोडू नये. तुला ते क्रूर वाटेल. वाटू दे.

आता बेडकाचं. लहानपणी भोईवाड्यातल्या म्हाताऱ्याबरोबर डोहावर बसायचो, ते तुला माहीत आहे. बांबूची काठी, तंगूस, मोरपिसाच्या काडीचा तरंग. बेडकाच्या पाठीच्या कातडीत गळ अडकवायचा. तो पाण्यावर पाय मारत राहतो आणि खालून मरळ येते. पाऊसकाळात काठाच्या गवताजवळ पाण्यावर लालसर ठिपक्यांचा पुंजका वर यायचा, बुडायचा, पुन्हा वर यायचा. ती मरळीची पिल्लं, श्वासाला वर येणारी. खाली आईबाप राखण करत असतात. पोरं त्या पुंजक्यातच बेडूक टाकायची, कारण तिथे मरळ हमखास झडप घालते. भूक असो नसो, पोरांसाठी घालते. म्हाताऱ्याने एकाची काठी मांडीवर मोडली होती. "पुंजका राखनाऱ्याला गळ नाय लावायचा. माय गेली की समदी पोरं इतर मासं खाऊन टाकत्यात," एवढंच बोलला. बाकी दिवसभर तो कुणाशी बोलला नाही. त्यात आता कायदाही आलाय. मोठ्या बेडकाला वन्यजीव कायद्याने संरक्षण आहे. एके काळी आपण त्याच्या तंगड्या परदेशी विकत होतो. शेतातली कीड खायला बेडूक उरेना, तेव्हा १९८७ ला निर्यात बंद झाली.

मरळ म्हटलं की तुझ्या आजोबांची आठवण येतेच. मृगाच्या मुहूर्तावर दम्यासाठी आम्ही त्यांना हैदराबादला नेलं होतं. बथिनी कुटुंबाच्या पिवळ्या औषधाबरोबर मरळीचं जिवंत पिल्लू गिळायचं. गर्दी बघूनच मला धाप लागली. आजोबांचा दमा तसाच राहिला, नंतर त्यांनी मरळ खाणं सोडलं, म्हणायचे, "आत एक आहे, त्याला काय वाटेल?" औषध म्हणून माझा त्यावर विश्वास नाही. शेजारच्या तेलंगणाने मरळीला राज्यमासा केलं, ते मात्र मला आवडलं.

पण माशाचं सोडून मला खरं तर दुसरंच लिहायचं होतं, आणि ते लिहायला हात धजत नव्हता. त्या व्हिडिओत अंधार आहे. तू पहाटे एकटाच निघतोस का? होडीत दुसरं कोणी दिसलं नाही. तुला पोहता येतं ते केजडीच्या पुरापुरतं, म्हणजे येत नाही. लाइफ जॅकेट सीटखाली दुमडून ठेवलेलं मी पाहिलं. तुझ्या मामीला दाखवलं नाही. सप्टेंबर २०२१ ला मांजऱ्याचे अठराही दरवाजे उघडले, तेव्हा खाली नदीकाठच्या गावांत लोक छतावर चढून बसले होते. त्यांत माझ्या ओळखीचे चांगले पोहणारेही होते. पाण्यापुढे ओळख चालत नाही.

दिवाळीला ये. धनेगावला जाण्याआधी भोयांच्या संस्थेच्या माणसाला विचारू, पास लागत असेल तर काढू, दरवाज्यांच्या खालच्या बाजूला बसायचं नाही हे आत्ताच सांगून ठेवतो. गळ तिकडून आण, रीळ आण, आमिष इथे मिळेल. सूनबाईला आणि लहानग्याला आशीर्वाद. उत्तर फोनवर देऊ नकोस, तू विषय बदलतोस. लिहून पाठव. आणि जॅकेट अंगात घालून, वरचा पट्टा बांधून, कोणाला तरी बरोबर घेऊन जात जा.

तुझा,
मामा