पराभवाचा धनी कोण?

आजऱ्यात राहून गोव्याच्या फुटबॉल संघासाठी तुम्ही एवढा जीव का टाकता, असा प्रश्न आम्हांला वारंवार विचारला जातो. विचारणाऱ्याचे फारसे चुकते असेही नाही. आम्ही कोल्हापूर जिल्ह्याचे रहिवासी. हिरण्यकेशीच्या पाण्यावर वाढलो, घनसाळ तांदळाच्या भातावर पोसलो, बाजारहाटासाठी गडहिंग्लजला गेलो. फुटबॉल म्हणाल, तर तो आमच्या जिल्ह्यातही उदंड आहे. कोल्हापुरात कुस्तीच्या तालमींनी फुटबॉलचे संघ उभे केले. पाटाकडील, खंडोबा, बालगोपाल, दिलबहार ही नावे घेतली की शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर भावाभावांत तट पडतात. गडहिंग्लजनेही हा खेळ जिवापाड जपला आहे. तरीदेखील आंबोलीचा घाट उतरला, सावंतवाडी आणि बांदा मागे पडले, की आमच्यांतील पुष्कळांची आजोळे लागतात. फेस्ताला, लग्नाला आणि मयताला आम्ही याच वाटेने जात आलो. म्हणून २०१४ साली इंडियन सुपर लीग सुरू झाली आणि गोव्याचा संघ मैदानात उतरला, तेव्हा कोणाच्या बाजूने बसायचे हे आम्हांला ठरवावे लागले नाही. नात्यांनी ते आधीच ठरवून ठेवले होते.

हे प्रेम आम्हांला सुखाने मात्र लाभले नाही. २०१४ पासून २०२५ पर्यंतच्या अकरा मोसमांपैकी आठ मोसमांत एफसी गोवा हा संघ बाद फेरीपर्यंत पोहोचला. दोनदा तो अंतिम सामन्यात हरला आणि सहा वेळा उपांत्य फेरीत. पहिल्याच वर्षी कोलकात्याच्या संघाने पेनल्टीच्या फटक्यांवर आमची वाट अडवली. २०१९ च्या अंतिम सामन्यात जादा वेळेच्या ११७व्या मिनिटाला बंगळूरच्या राहुल भेकेने डोक्याने चेंडू जाळ्यात घातला. २०२० साली साखळीत पहिला क्रमांक मिळवूनही दोन सामन्यांची बेरीज चेन्नईच्या बाजूने ६–५ अशी झाली, आणि २०२१ साली मुंबईविरुद्ध पुन्हा पेनल्टीनेच घात केला. सुपर कप आणि ड्युरँड कप गोव्याने जिंकले, त्याचा आनंदही आम्ही मानला. पण लीगचा चषक दरवेळी दारापर्यंत आला आणि परत गेला. या साऱ्या पराभवांत एक पराभव मात्र आमच्या घराघरांत अजून बोलला जातो. तो २०१५ चा.

त्या वर्षी २० डिसेंबरला रविवार होता. नाताळ पाच दिवसांवर आलेला. स्वयंपाकघरांतून नेवऱ्या तळल्याचा वास येत होता, आणि मुलांनी गोठ्याचे काम अर्धवट टाकून दूरदर्शन संचासमोर जागा धरल्या होत्या. अंतिम सामना फातोर्ड्याच्या मैदानावर, म्हणजे आपल्याच अंगणात. समोर चेन्नईचा संघ. आमचा प्रशिक्षक ब्राझीलचा झिको, त्यांचा इटलीचा मातेराझी. मध्यंतरापर्यंत दोन्ही जाळी कोरी राहिली. ५४व्या मिनिटाला चेन्नईला पेनल्टी मिळाली. गोव्याचा गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टिमनी याने ब्रुनो पेलिसारीचा फटका अडवला. परंतु परतलेला चेंडू पेलिसारीच्याच पायाशी आला आणि गोल झाला. चारच मिनिटांत हाओकिपने बरोबरी साधली. लगेच चेन्नईला दुसरी पेनल्टी मिळाली. या वेळी स्पर्धेत सर्वांत जास्त गोल करणारा मेंडोझा फटका मारायला उभा राहिला. कट्टिमनीने तोही फटका अडवला. ८७व्या मिनिटाला जोफ्रेने गोव्याला २–१ असे पुढे नेले, तेव्हा आमच्या घरातील वृद्ध मंडळीही उठून उभी राहिली. एकाने तर फटाक्यांची माळ शोधायला घेतली.

पुढे जे घडले ते तीन-चार मिनिटांत घडले. ९०व्या मिनिटाला चेन्नईचा हल्ला अडविण्याच्या धडपडीत चेंडू कट्टिमनीकडूनच गोव्याच्या जाळ्यात गेला. नोंदीत तो स्वयंगोल म्हणून लिहिला गेला. त्या धक्क्यातून संघ सावरतो न सावरतो तोच मेंडोझाने तिसरा गोल केला. ३–२. चषक चेन्नईला गेला. फटाक्यांची माळ पुन्हा कपाटात गेली आणि जेवणाची ताटे कोणी काढावीत हे कोणाला सुचेना.

मग सुरू झाली चर्चा. अशा वेळी माणसांना दोन गोष्टी हव्या असतात, एक कारण आणि एक नाव. कारण शोधायला वेळ लागतो. नाव चटकन सापडते. आमच्यांतील एक ज्येष्ठ गृहस्थ, जे एरव्ही मुंगीलाही दुखवणार नाहीत, त्या रात्री गोलरक्षकाला उद्देशून फार कठोर बोलले. दुसऱ्यांनी हरकत घेतली, तिसऱ्यांनी दुजोरा दिला, आवाज चढले. तेवढ्यात कोपऱ्यात बसलेला त्यांचा भाचा बोलला. वय तेरा-चौदा वर्षांचे, गावातल्या मुलांच्या सामन्यांत गोलात तोच उभा राहायचा. तो म्हणाला, “मामा, असं बोलल्यावर मग गोलात कोण उभारायचं?”

कोणी उत्तर दिले नाही. मामांनी त्याच्याकडे पाहिले, चष्मा काढून पुसला आणि विषय बदलला. परंतु त्या मुलाचा प्रश्न आम्हां सर्वांच्या बरोबर घरी आला आणि पुढे अनेक वर्षे राहिला.

मैदानावरच्या इतर दहा जणांची चूक झाली, तर ती निस्तरायला मागे कोणीतरी असते. पुढच्या फळीतल्या खेळाडूने सोपा गोल दवडला, तर “आज नशीब नव्हते” असे आपण म्हणतो आणि पुढच्या हल्ल्याकडे वळतो. गोलरक्षकाच्या मागे फक्त जाळे असते. त्याने अडवलेले दहा चेंडू फळ्यावर कोठेच दिसत नाहीत. सुटलेला एक मात्र दिसतो. त्या दिवशी फळ्यावर ३–२ असे आकडे होते. दोन पेनल्टी अडवणारे हात त्या आकड्यांत नव्हते. ते हात नसते, तर ८७व्या मिनिटाला आम्हांला आघाडीचा आनंद मिळाला असता का, हा हिशेब त्या रात्री कोणी मांडला नाही. ९०व्या मिनिटाला तो चेंडू गोलापर्यंत कसा पोहोचला, मधल्या फळीने तो का येऊ दिला, आणि बरोबरी झाल्यावर तिसरा गोल होताना बाकीचे कोठे होते, हेही कोणी विचारले नाही.

त्या वेळी गोव्याच्या बाकावर बसलेल्या झिकोला हे दुःख परके नव्हते. १९८६ च्या विश्वचषकात फ्रान्सविरुद्ध सामना १–१ असा अडलेला असताना त्याने पेनल्टी मारली आणि फ्रेंच गोलरक्षक जोएल बात्सने ती अडवली. पुढे निर्णायक फटक्यांच्या फेरीत झिकोने आपला फटका बिनचूक मारला, तरी ब्राझील हरला, आणि लोकांच्या ध्यानात राहिली ती चुकलेली पेनल्टीच. इतका थोर खेळाडू, पण त्याच्याही नावापुढे ती एक ओळ कायमची लिहिली गेली.

त्याच देशातील मोआसिर बार्बोझाची कथा तर याहून दारुण आहे. १६ जुलै १९५० रोजी रिओच्या माराकाना मैदानावर ब्राझीलची गाठ उरुग्वेशी पडली. बरोबरी झाली असती तरी ब्राझील जगज्जेता ठरला असता. पहिला गोलही ब्राझीलनेच केला. मग स्कियाफिनोने बरोबरी साधली, आणि ७९व्या मिनिटाला घिजियाने गोलखांब व गोलरक्षक यांच्या मधून चेंडू काढला. त्या गोलाचा धनी बार्बोझा ठरला. तो २००० साली वारला. ब्राझीलमध्ये गुन्हेगाराला जास्तीत जास्त तीस वर्षांची शिक्षा होते, आपण मात्र पन्नास वर्षे भोगतो आहोत, अशा अर्थाचे उद्गार त्याने अखेरच्या काळात काढले होते. एका चेंडूसाठी अर्धे शतक! ही शिक्षा कोणत्या न्यायालयाने दिली नव्हती. तुमच्या-आमच्यासारख्या, आपल्या संघावर जीव लावणाऱ्या सामान्य माणसांनीच ती दिली होती. बाजारात, बसमध्ये, जेवणाच्या ताटावर बसून दिली होती.

कट्टिमनीच्या वाट्याला असे भोग आले नाहीत, ही समाधानाची गोष्ट. तो गोव्याचाच मुलगा. २०१९ मध्ये तो हैदराबादच्या संघात गेला. २०२१–२२ चा मोसम महामारीच्या निर्बंधांमुळे संपूर्णपणे गोव्यातच खेळला गेला आणि २० मार्च २०२२ रोजी अंतिम सामनाही फातोर्ड्यालाच झाला. गोव्याचा संघ त्या वर्षी नवव्या स्थानावर घसरला होता. समोरासमोर होते केरळ आणि हैदराबाद. आमचा संघ नसूनही आम्ही तो सामना पाहायला बसलो, याला कारणे दोन. कोल्हापूरचा अनिकेत जाधव हैदराबादच्या संघात होता, हे एक. दुसरे कारण कोणी उच्चारले नाही, पण प्रत्येकाच्या मनात होते. हैदराबादच्या गोलात कट्टिमनी उभा होता.

केरळने आघाडी घेतली. ८८व्या मिनिटाला हैदराबादच्या साहिल तावोराने, तोही गोव्याचाच, बरोबरी केली. जादा वेळेत निकाल लागला नाही आणि पेनल्टीचे फटके सुरू झाले. कट्टिमनीने केरळचा पहिला फटका अडवला. दुसरा अडवला, तर पंचांनी तो पुन्हा मारायला लावला. कट्टिमनीने तोही अडवला. तिसरा आत गेला. चौथा पुन्हा त्याच्या हातांनी थोपवला. हैदराबाद ३–१ ने जिंकले. सहा वर्षांपूर्वी ज्या मैदानावर त्याच्याकडून चेंडू स्वतःच्या जाळ्यात गेला होता, त्याच मैदानावर त्याने चषक उचलला. आमच्या घरात टाळ्या वाजल्या. त्या दिवशी कोणी म्हणाले, “धुऊन निघाला बघा डाग!”

हे वाक्य कानांना गोड वाटते. आम्हांला मात्र ते पटत नाही, आणि हा लेख लिहिण्याचे कारणही तेच आहे. डाग धुऊन निघाला असे म्हणायचे, तर आधी डाग होता असे मानावे लागते. समजा, २०२२ मध्ये ते तीन फटके त्याच्या हाताला लागले नसते. समजा, तो अंतिम सामन्यापर्यंत पोहोचलाच नसता. तर २०१५ च्या रात्री बोललेले कठोर शब्द खरे ठरले असते काय? मुळीच नाही. तो माणूस त्या रात्रीही तोच होता, ज्याने एकाच सामन्यात दोन पेनल्टी अडवल्या होत्या. पुढच्या यशाने त्याची योग्यता निर्माण झाली नाही. ती पूर्वीपासून होती. यशाने फक्त पाहणाऱ्यांचे डोळे उघडले. बार्बोझाला तशी संधी मिळाली नाही, म्हणून त्याची योग्यता कमी ठरत नाही.

यश मिळाल्यावर मान देणे याला क्षमा म्हणता येणार नाही. तो व्यवहार झाला. आपल्या घरांतही हा व्यवहार चालतोच. परीक्षेत एकदा अडखळलेल्या मुलीला आपण म्हणतो, “पुढच्या वेळी करून दाखव.” धंद्यात बुडालेल्या भावाला चार पैसे मिळू लागले, की मग पंगतीत पुढचे पान मांडतो. ज्याला करून दाखवण्याची दुसरी संधी मिळत नाही, त्याचे काय? आपल्या प्रत्येक वाड्यावर अशी दोन-चार माणसे असतात. त्यांचे उरलेले सारे आयुष्य एका वाईट मिनिटाने झाकून टाकलेले असते.

पराभव काही तेथे थांबले नाहीत. २४ एप्रिल २०२४ रोजी उपांत्य फेरीच्या पहिल्या सामन्यात बोरिस सिंग आणि ब्रँडन फर्नांडिस यांच्या गोलांमुळे गोवा मुंबईविरुद्ध २–० असा पुढे होता. नव्वदाव्या मिनिटापासून पुढच्या सहा-सात मिनिटांत मुंबईने तीन गोल केले, त्यांतील दोन छांगतेचे. पाच दिवसांनी मुंबईतही गोवा हरला. ६ एप्रिल २०२५ रोजी बंगळूरविरुद्ध दोन गोलांची पिछाडी भरून काढली, सामना जादा वेळेकडे निघाला, आणि भरपाईच्या वेळेत चाळिशीतल्या सुनील छेत्रीने डोक्याने गोल करून सारे संपवले. दोन्ही रात्री जेवण कोणाला गोड लागले नाही. पण एक फरक आम्हांला जाणवला. या वेळी कोणी नाव शोधले नाही. चर्चा झाली ती दमलेल्या पायांची, उशिरा केलेल्या बदलांची, छेत्रीच्या उडीची. ते ज्येष्ठ गृहस्थ छेत्रीबद्दल एवढेच म्हणाले, “ह्या वयात ही उडी! मानलं बाबा.” त्यांचा भाचा आता नोकरीसाठी पुण्यात असतो, सुट्टीला आला, की लहान पोरांना गोलात कसे उभे राहायचे ते शिकवतो.

कोणत्याही संघाला हरणे चुकत नाही. पण हरल्यानंतरची पहिली रात्र आपल्या हाती असते. त्या रात्री आपल्या ओसरीवर जे बोलले जाते, ते खेळाडूंपर्यंत पोहोचत नाही. ते आपल्याच मुलांच्या कानी पडते. आपली चूक झाली तर ही माणसे आपल्याविषयी काय बोलतील, हे ती तेव्हाच ताडून घेतात. म्हणून गोव्याचा संघ पुन्हा बाद फेरीत येईल, आणि कदाचित पुन्हा शेवटच्या मिनिटाला हरेल, तेव्हा पराभवाचा धनी कोण या प्रश्नाला आम्ही एकच उत्तर देऊ: आम्ही सगळे. विजयाची माळ लावायला जर आपण सगळे जमणार होतो, तर ती कपाटात परत ठेवायलाही सगळ्यांचेच हात लागले पाहिजेत.