सेंट लुईसमधील दोन अर्ज

अमेरिकेस जाऊन आलेल्या मंडळींच्या तोंडी न्यूयॉर्क, वॉशिंग्टन, फार तर शिकागो ही नावे असतात. सेंट लुईसचे नाव क्वचितच निघते. मिसिसिपीच्या पश्चिम तीरावर फ्रेंच व्यापाऱ्यांनी १७६४ साली वसवलेले आणि फ्रान्सच्या नवव्या लुई राजाचे नाव धारण करणारे हे शहर शिकागोहून आगगाडीने पाच-साडेपाच तासांच्या अंतरावर आहे. आम्हां उभयतांच्या वाट्यास तेथे एकच दिवस आला. एका दिवसात शहर कळले, असे कोणी म्हणू नये. परंतु काही शहरे आपल्या मनातली गोष्ट पहिल्याच भेटीत बोलून टाकतात, एवढे मात्र खरे.

सकाळ अर्थातच कमानीची. नदीकाठी उभी असलेली ही पोलादी कमान ६३० फूट उंच आहे आणि तिच्या दोन पायांमधील अंतरही तितकेच. तिची कल्पना करणारा स्थापती एरो सारिनेन १९६१ मध्येच निवर्तला; कमान पुरी झाली २८ ऑक्टोबर १९६५ रोजी. त्या दिवशी दक्षिणेकडील पाय उन्हाने प्रसरण पावला, तेव्हा अग्निशामक दलाने पाण्याचे फवारे मारून त्याला थंड केले आणि मग माथ्यावरचा अखेरचा तुकडा बसवण्यात आला. वर जाण्यासाठी पाच-पाच माणसांचे गोल डबे आहेत. वाकून आत शिरावे आणि गुडघ्याला गुडघे लावून बसावे. “अहो, वाटाणे डब्यात भरतात ना, तसे भरलेय आपल्याला,” असे सौ. म्हणाली, तेव्हा समोरच्या अनोळखी गृहस्थालाही भाषा न कळता हसू आले.

माथ्यावरच्या बुटक्या खिडक्यांतून पूर्वेला नदी दिसते आणि तिच्यावरचा ईड्सचा पूल. १८७४ साली हा पूल वाहतुकीस खुला करण्यापूर्वी त्यावरून एक हत्ती चालवत नेला होता. कच्च्या पुलावर हत्ती पाऊल टाकीत नाही, अशी लोकांची श्रद्धा. अभियंत्याच्या आकडेमोडीपेक्षा गजराजाचा दाखला अधिक मोलाचा मानणारी माणसे मिसिसिपीच्या काठीही निघावीत, याची आम्हांला मोठी गंमत वाटली.

पश्चिमेच्या खिडकीतून मात्र सौ.ने बराच वेळ मान काढली नाही. खाली हिरव्या घुमटाची एक जुनी इमारत होती. “ते देऊळ कसले?” तिने विचारले. ते देऊळ नव्हते, ते शहराचे जुने न्यायालय होते. दुपार तेथेच गेली.

या न्यायालयाचा इतिहास मोठा विसंगत आहे. आपण गुलाम नसून स्वतंत्र आहोत, असे सिद्ध करू पाहणाऱ्या माणसांचे अर्ज याच इमारतीत चालत. आणि एखादा मालक वारला की त्याच्या मालमत्तेच्या निरवानिरवीत याच इमारतीच्या पायऱ्यांवर गुलामांचा लिलावही होई. आत जाणारी वाट आणि बोलीची जागा यांत काही पावलांचेच अंतर.

ड्रेड स्कॉट हे नाव कायद्याच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असते. तो सारा खटला एका सरकारी नोकराच्या बदल्यांतून उभा राहिला, हे मात्र तेथे गेल्यावर ठळकपणे जाणवले. डॉक्टर एमर्सन हे सैन्यातील वैद्य. त्यांची नेमणूक प्रथम इलिनॉय राज्यात झाली, पुढे आजच्या मिनेसोटातील फोर्ट स्नेलिंग येथे. दोन्ही ठिकाणी गुलामगिरीला कायद्याने मज्जाव होता. डॉक्टरांबरोबर त्यांचा गुलाम ड्रेडही गेला. फोर्ट स्नेलिंगला त्याला हॅरिएट भेटली आणि दोघांचा विवाह झाला. पुढे दोघेही मिसुरीत, म्हणजे गुलामगिरीच्या राज्यात परत आली. डॉक्टर १८४३ मध्ये वारले. मुक्त भूमीत राहिल्यामुळे आपण मुक्त झालो, या आधारावर ६ एप्रिल १८४६ रोजी दोघांनी डॉक्टरांच्या विधवेविरुद्ध अर्ज दाखल केले. सहीच्या जागी दोघांचीही केवळ फुली आहे.

अर्ज दोन होते: एक त्याचा, एक तिचा. पहिली सुनावणी १८४७ मध्ये झाली आणि ऐकीव साक्षीच्या तांत्रिक दोषामुळे फसली. १८५० मध्ये पंचांनी स्वातंत्र्याच्या बाजूने कौल दिला. प्रतिपक्ष वरिष्ठ न्यायालयात गेला, तेव्हा उभयपक्षी असे ठरले की युक्तिवाद ड्रेडच्या प्रकरणात व्हावा आणि त्याचा निकाल हॅरिएटलाही लागू समजावा.

सौ.ची सवय अशी की कोणताही फलक ती शेवटच्या ओळीपर्यंत वाचते. वाचून झाल्यावर ती म्हणाली, “म्हणजे तिचा अर्ज ह्याच्या फायलीला जोडून टाकला.”

कार्यालयीन भाषेत याहून नेमके वर्णन करता येणार नाही. एकाच स्वरूपाची दोन प्रकरणे एकत्र करण्यात वेळ वाचतो, खर्च वाचतो, आणि कोणाच्याही मनात वाईट नसते. आपल्यापैकी कोणी ते केले नाही? परंतु त्या काळच्या कायद्याने मूल आईच्या दर्जाचे मानले जाई. एलायझा आणि लिझी या दोन मुलींचे भवितव्य खरे म्हणजे हॅरिएटच्या अर्जात होते. १८५२ मध्ये मिसुरीच्या वरिष्ठ न्यायालयाने पंचांचा कौल फिरवला. पुढे संघराज्याच्या न्यायालयांत प्रकरण गेले ते एकट्या ड्रेडच्या नावाने, आणि ६ मार्च १८५७ रोजी सरन्यायाधीश टॉनी यांनी सांगितले की आफ्रिकी वंशाचा माणूस या देशाचा नागरिकच नव्हे, सबब त्याला दाद मागण्याचा अधिकार नाही. अकरा वर्षे झगडून हे उत्तर. इतिहासात खटला ‘ड्रेड स्कॉट’ म्हणून अजरामर झाला. हॅरिएट जोडपत्रात राहिली.

त्याच इमारतीत आणखी एका दांपत्याची कथा सांगतात. व्हर्जिनिया मायनर या बाईंनी १८७२ मध्ये मतदार म्हणून नाव नोंदवू पाहिले. नोंदणी अधिकाऱ्याने नकार दिला. त्यांनी दावा लावायचे ठरवले, तर विवाहित स्त्रीला स्वतःच्या एकटीच्या नावाने दावा लावता येत नव्हता. तेव्हा त्यांचे वकील पती फ्रान्सिस यांनी आपले नाव जोडले. दावा १८७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात हरला. अमेरिकेच्या राज्यघटनेने स्त्रीच्या मताधिकाराला संरक्षण दिले ते १९२० मध्ये. एका स्त्रीचे नाव नवऱ्याच्या नावाखाली लुप्त झाले, दुसरीला नवऱ्याच्या नावाशिवाय उंबरठा ओलांडता आला नाही.

बाहेरच्या हिरवळीवर २०१२ साली बसवलेला ड्रेड आणि हॅरिएट यांचा हातात हात घेतलेला पुतळा आहे. त्यापुढे उभे असता मला पुण्याची आठवण झाली, आणि ती अस्थानी नव्हती. जोतीराव फुले यांनी १८७३ साली प्रसिद्ध केलेले ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केले आहे. त्या वर्षी हॅरिएट याच शहरात हयात होती. ती वारली १८७६ मध्ये. तिच्या फुलीने सुरू झालेल्या प्रकरणाचे पडसाद जेथवर पोहोचले, तेथे एक मराठी माणूस, सावित्रीबाईंसारख्या सहधर्मचारिणीच्या सोबतीने, आपल्या भूमीतील दास्याचा हिशेब मांडीत होता. तिला हे कळले नसणार. पुण्यात तिचे नाव पोहोचले असेल, असेही वाटत नाही.

निकालानंतर अडीच महिन्यांनी, मे १८५७ मध्ये, जुन्या मालकाच्या कुटुंबातील टेलर ब्लो यांनी स्कॉट कुटुंबास मुक्त केले. ड्रेडला ते सुख जेमतेम सव्वा वर्ष लाभले. सायंकाळी आम्ही कॅल्व्हरी दफनभूमीत गेलो. त्याच्या समाधीवर लोक लिंकनची छबी असलेले एक सेंटचे नाणे ठेवतात. तशी बरीच नाणी तेथे होती. हॅरिएट तेथे नाही. तिचे दफन ग्रीनवुड या दुसऱ्या दफनभूमीत झाले, आणि कित्येक वर्षे ती जागाही विस्मृतीत गेली होती. ग्रीनवुडला जाण्याइतका उजेड उरला नव्हता.

बदलीच्या हुकमावर एकच नाव असते. सामान मात्र दोघांचे बांधले जाते. पाटण्यापासून त्रिवेंद्रमपर्यंत विखुरलेल्या आपल्या कुटुंबांत हे कोणाला नवे नाही. त्या हुकमाच्या दुसऱ्या प्रतीवर कोणाचे नाव असायला हवे होते, हा प्रश्न सेंट लुईसच्या त्या घुमटाखाली आम्हां दोघांनाही एकाच वेळी पडला, आणि परतीच्या वाटेवर तो आम्ही मोकळेपणाने बोललो. प्रवासात पाहिलेल्या उंच वस्तू आठवणीत हळूहळू ठेंगण्या होतात; हे बोलणे मात्र अजून संपलेले नाही.