बैठक

काशीतल्या दुर्गाघाटावरच्या आमच्या जुन्या घराच्या माळ्याची आवराआवर चालली असता, दमट काथ्याचा आणि तडकलेल्या रेक्झिनचा दर्प परवा असा अकस्मात नाकात शिरला, की हातातली समई खाली ठेवून मी मुकाट्याने जिन्याच्या पायरीवर बसून राहिलो. दर्प एका जुन्या गादीचा होता, आणि ती गादी काकांनी बनवलेल्या गाडीतली, चालकाच्या बाजूची होती.

गाडी आमच्या दारी कधीच आली नाही. ज्या गल्लीत समोरून सांड आला तर माणसाने कोनाड्यात अंग चोरावे, तिथे चारचाकी येणार कशी? ती जन्मली लहुराबीरपलीकडे, एका मिस्त्रीच्या छपराखाली: युद्धानंतर लिलावात निघालेल्या विलीज जीपचा सांगाडा, त्यावर काकांनी स्वतः आखलेली पत्र्याची काया, आणि बाकीचा संसार कबाड्याकडचा. जीप मूळची अमेरिकन लष्कराची, म्हणून स्टिअरिंग डावीकडे आणि पेट्रोलची टाकी नेमकी चालकाच्या बैठकीखाली. स्टिअरिंग उजवीकडे आणायचे ठरल्यावर लाभ असा झाला, की टाकी जागच्या जागी राहून उजवी बैठक हवी तितकी खाली घेता आली. आणि पेच असा पडला, की बैठक, स्टिअरिंग आणि पेडल या तिघांच्या जागा आता कोणत्याच कारखान्याने ठरवून दिलेल्या नव्हत्या.

यापुढचे एकच चित्र मला पुन्हा पुन्हा दिसते. वडील एका उपड्या खोक्यावर बसले आहेत, त्यांचा डावा पाय काठीसारखा पुढे ताठ आहे, आणि काका जमिनीवर ओणवे होऊन, खाली अंथरलेल्या प्लायवूडवर खडूने त्यांच्या टाचेची खूण करीत आहेत. लहानपणी पंचगंगेच्या पायऱ्यांवरून घसरल्यापासून वडिलांचा तो गुडघा वाकत नसे. मिस्त्री विडा एका गालातून दुसऱ्या गालात सारीत म्हणाला होता, "पहिले आदमी बइठावा, गाड़ी बाद में बनी."

एरवीचा शिरस्ता सोपा आहे: पाठ टेकवून हात लांब केला की मनगट चाकाच्या वरच्या कडेवर विसावले पाहिजे, आणि क्लच तळापर्यंत दाबल्यावरही गुडघ्यात किंचित वाक उरला पाहिजे. इथे नेमका तो वाकच नव्हता. ताठ पाय सामावण्यासाठी बैठक मागे न्यावी, तर उजवा पाय ब्रेकला पुरेना. म्हणून ब्रेक आणि ॲक्सिलरेटर पट्ट्या जोडून मागे घेतले, आणि वडिलांनी क्लच कमरेतून रेटावा म्हणून त्याचे पेडल पार डावीकडे सरकवले. मग स्टिअरिंग दूर पडले. त्याचा दांडा लांबवताना मध्ये दोन युनिव्हर्सल जॉइंट आले, आणि दोहोंच्या चिमट्या एका पातळीत न बसल्यामुळे चाक प्रत्येक फेऱ्यात दोनदा जड आणि दोनदा हलके होऊ लागले. तेव्हा काकांनी ते सारे खोलून पुन्हा जुळवले. मुआयन्याला आलेल्या साहेबांनी दिवे, भोंगा, ब्रेक सारे तपासून शेरा मारला. बैठकीविषयी त्यांच्या तक्त्यात रकानाच नव्हता.

तिकडे कुर्ल्याला वालचंद हिराचंदांच्या कारखान्यात 1947 पासून परदेशी मोटारींचे सुटे भाग जोडले जात होते, आणि इचलकरंजीत शंकरराव कुळकर्णी यांनी 1949 साली आपल्या 'मीरा' या चिमुकल्या मोटारीचा पहिला नमुना सिद्ध केला होता: इंजिन मागे आणि स्प्रिंगांऐवजी रबराची योजना. पुढे त्यांनी वर्षानुवर्षे नमुन्यामागून नमुना घडवला, परंतु त्या गाडीचा कारखाना काही निघाला नाही. परवानग्यांची ती कैफियत पुष्कळांनी लिहिली आहे. मला कुतूहल निराळेच: त्या पहिल्या नमुन्याची बैठक शंकररावांनी कोणाला बसवून ठरवली असेल?

पुण्याचे मामा एकदा आमची गाडी चालवायला बसले, आणि अंग मुरडत उतरून चारचौघांत म्हणाले, "गाडी वाकडी आहे हो तुमची!" मामा सज्जन, परोपकारी, तरी त्या वाक्याची अढी माझ्या मनातून अद्याप गेलेली नाही. वडील मात्र मनमोकळे हसले. त्या बैठकीवर ते बसले, की सभेत, पंगतीत, देवळात सदैव आडवा येणारा त्यांचा पाय प्रथमच कोणाच्या वाटेत येत नसे. हिवाळ्यात गंगेवर पिंपांचा पूल पडला, की ते आम्हां सर्वांना घेऊन रामनगरला जात, आणि पुलाच्या फळ्यांवर गाडी हळूहळू काढताना क्लच दाबला, की त्यांचा खांदा किंचित खाली जाई.

वडील गेल्यानंतर पुष्कळ वर्षांनी काकांना घेऊन रामनगरचे संग्रहालय पाहायला गेलो. तिथल्या जुन्या अमेरिकन मोटारींपाशी ते रेंगाळतील अशी माझी अटकळ होती. पण ते थेट पालख्यांच्या दालनात शिरले. आत बसणाऱ्याला कसलेच काम नाही, नुसते लोडाला टेकायचे. जुळवायचे ते भोयांचे खांदे, आणि एकजण जरी बुटका निघाला तरी त्याने खांद्यावर गमछ्याची घडी ठेवून उंची भरून काढायची. काका कठड्यावरून वाकून, डोळे बारीक करून एका दांडीची झीज न्याहाळत होते. "मागचा डावीकडचा बुटका होता," ते म्हणाले. आणि दांडी हाताने चाचपण्यासाठी त्यांनी कठड्यावर पाय टाकलाच होता, तोच शिपाई ओरडत धावून आला.