तळातली डाळ

आई न्हाणीघरात पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं, पण तीन आठवडे उलटले तरी जखम भरेना. साखर नाही, ताप नाही. आहारतज्ज्ञ बाईंनी विचारलं, "आजी, आमटीला डाळ किती घालता?"

"मूठभर. पाच माणसांना पुरते."

पुरते कशी, ते मला ठाऊक होतं. डाळ ढवळून आमच्या वाट्यांत जायची; उरलेल्या आमटीत पाणी घालून, मीठ टाकून आई शेवटी जेवायला बसायची.

घरी मी हिशेब मांडला. ज्वारीच्या तीन भाकरींतून 17-18 ग्रॅम प्रथिनं. भात, चहातलं दूध, ती आमटी, सगळं धरून 27च्या पुढे आकडा जाईना. आईचं वजन 52 किलो. धडधाकट माणसाला किलोमागे रोज 0.83 ग्रॅम लागतात. जखम भरेपर्यंत डॉक्टरांनी 1.2 सांगितले होते. म्हणजे 62 ग्रॅम. निम्मीसुद्धा पोटात जात नव्हती.

त्यातही ती बहुतेक ज्वारीचीच, हे मला जास्त लागलं. प्रथिनं 20 अमिनो आम्लांची बनतात. त्यांतली नऊ शरीराला बनवता येत नाहीत, अन्नातूनच यावी लागतात. ज्वारीत त्यांपैकी लायसिन फार थोडं. एक कमी पडलं की बाकीची असूनही नवं प्रथिन पुरेसं घडत नाही. ती जळणासारखी खर्ची पडतात. आणि जखम भरणाऱ्या कोलॅजेनचे धागे एकमेकांना बांधायला हेच लायसिन लागतं. डाळीत ते भरपूर असतं. डाळीत मेथिओनिन कमी, ते धान्य पुरवतं. भाकरी-आमटीची जोडी आपल्याकडे उगाच नाही जमलेली. पण आमटीत डाळ हवी ना!

आई माळकरी, अंडं वर्ज्य. मग दोन्ही वेळा घट्ट वरण, सकाळी मुगाचं धिरडं, वाटीभर दही. उपासाचा साबुदाणा बंद केला, तो जवळपास निव्वळ पिष्ट. त्याऐवजी भगर आणि दाण्याची आमटी. "एवढी डाळ मला कशाला गं?" म्हणून ती आठवडाभर कुरकुरली.

महिन्याभरात जखम भरली. औषधंही चालू होती, सगळं श्रेय वरणाला देत नाही. पण तिन्ही त्रिकाळ पोट भरत असताना माझी आई प्रथिनांसाठी उपाशी होती, आणि ते आम्हा चौघांपैकी एकालाही दिसलं नाही.

तुमच्या घरी आई, आजी, सासूबाई शेवटी जेवत असतील, तर आज त्यांच्या वाटीतली आमटी चमच्यानं ढवळून बघा.