सोमवार ते शनिवार ऑफिसचे, रविवार आपला

मीटिंगमध्ये शेजारी बसलेल्या सहकाऱ्याच्या नोटपॅडकडे कधी नीट बघितलंय? वर तारीख, खाली टार्गेटचे आकडे आणि कोपऱ्यात हळूच काढलेलं बॉसचं नाक! कुणाच्या पानावर मांजर असतं, कुणाच्या पानावर अख्खा अ‍ॅस्टेरिक्स. प्रत्येक ऑफिसात असा एक तरी चित्रकार लपलेला असतोच. दिवसा तो एक्सेल शीट भरतो आणि आतून कुठेतरी रंगाच्या बाटल्या मोजत असतो.

या जमातीला आयुष्यभर एकच प्रश्न विचारला जातो. ‘छान आहे हं, पण याचं पुढे काय?’ लहानपणी हा प्रश्न आत्या-मावशी विचारायच्या. आता मित्रच विचारतात, फक्त शब्द बदललेत. ‘इन्स्टावर पेज काढ ना’, ‘प्रिंट्स विक ना’, ‘यातून काहीतरी कर ना यार!’ म्हणजे आवड आहे म्हटल्यावर तिनं कमावतं व्हायलाच हवं. नाहीतर तिचं वय झालं, तिला घरी बसवा.

माझा एक मित्र यातलाच, फरक एवढाच की त्याचं पोटच चित्रांवर चालतं. जाहिरात एजन्सीत इलस्ट्रेटर आहे. त्याच्या कपाटात कपड्यांपेक्षा कॉमिक्स जास्त. टिनटिन, अमर चित्र कथा, ‘ठकठक’चे जुने अंक, सगळे प्लॅस्टिकच्या पिशव्यांत. त्याच्याबरोबर सिनेमा बघणं ही शिक्षाच. दर पाच मिनिटांनी पॉज करून म्हणणार, ‘बघ, कॅमेरा कुठे ठेवलाय बघ!’ गेल्या वर्षभरात मात्र त्याच्या कामाचं रूप बदललं. स्टोरीबोर्डची पहिली चित्रं आता एआय काढतं आणि हा त्यातली वाकडी बोटं सरळ करतो. २०२५ च्या मार्चमध्ये सगळं जग स्वतःचे फोटो घिबलीच्या शैलीत बदलून घेत होतं, त्या आठवड्यात तो एकदम गप्प होता. नंतर कळलं, घरी चित्रं काढणंही त्यानं बंद केलंय.

‘कंटाळा नाही आला गं,’ तो म्हणाला, ‘पण अर्थ काय त्याला?’

‘सगळं ठीक होईल’ छापाचं उत्तर द्यायचं माझ्या जिवावर आलं. म्हणून मी त्याला त्याच्याच धंद्यातल्या एका माणसाची गोष्ट सांगितली. तो माणूस जाहिरात एजन्सीत इलस्ट्रेटर होता, कॉमिक्स आणि सिनेमा दोन्हींवर जीव टाकायचा आणि बारा वर्षं नोकरी करत होता. नाव सत्यजित रे.

‘पथेर पांचाली’वाले रे आपल्याला माहीत असतात. फोटोतले, पाइप ओढणारे, ऑस्करवाले. पण एप्रिल १९४३ मध्ये डी. जे. केमर या कलकत्त्यातल्या ब्रिटिश एजन्सीत रुजू झालेले एकवीस वर्षांचे ज्युनियर व्हिज्युअलायझर रे कितीजणांना ठाऊक असतात? पगार महिना ८० रुपये. काम काय, तर मलेरियावरच्या पॅल्युड्रीन गोळ्यांच्या जाहिराती वगैरे. म्हणजे तुमच्या-आमच्यासारखंच. क्लायंट, ब्रीफ, डेडलाइन.

त्याआधी अडीचेक वर्षं ते शांतिनिकेतनच्या कलाभवनात नंदलाल बोस आणि बिनोदबिहारी मुखर्जी यांच्याकडे शिकले होते. त्याच काळात मित्रांबरोबर अजिंठा, वेरूळ, घारापुरी बघून गेले होते. आपण शाळेच्या सहलीत जिथे वेफर्स खाल्ले, तिथे हा मुलगा भिंतींकडे बघत उभा राहिला असणार. वेरूळ काही त्यांच्या डोक्यातून गेलं नाही. पुढे त्यांनी फेलूदा या आपल्या डिटेक्टिव्हला थेट कैलास लेण्यात तपासाला पाठवलं!

एजन्सीतल्याच दिलीपकुमार गुप्ता यांनी सिग्नेट प्रेस ही प्रकाशनसंस्था काढली आणि रेंना पुस्तकांची कव्हर्स करायला दिली. जिम कॉर्बेटच्या ‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊं’चं कव्हर आजही बघण्यासारखं आहे. सबंध पुस्तकाला वाघाचं कातडं गुंडाळल्यासारखं चित्र. पुढे गोळी आत शिरल्याचं भोक, मागे बाहेर पडल्याचं. वाघ नाही, शिकारी नाही, बंदूक नाही. गोष्ट मात्र अख्खी सांगून झाली! पुस्तक हातात फिरवलं की गोळी आरपार जाते. कॉमिक्समध्ये दोन चौकटींच्या मधल्या पांढऱ्या पट्टीत जे घडतं, तेच हे. चित्रकार दोन क्षण दाखवतो, मधला क्षण वाचणारा स्वतः भरतो. सिनेमातल्या दोन शॉट्सच्या मधल्या कटचं कामही दुसरं काय असतं?

मग याच सिग्नेटनं विभूतिभूषण बंद्योपाध्याय यांच्या ‘पथेर पांचाली’ची मुलांसाठी छोटी आवृत्ती काढली. नाव ‘आम आंटिर भेंपू’, म्हणजे आंब्याच्या कोयीची पिपाणी. रेंनी तिची चित्रं काढली. चित्रं काढता काढता त्यांना अपू आणि दुर्गा दिसायला लागले, आणि त्यातल्या काही चित्रांचे पुढे सिनेमात शॉट्स झाले. भारतीय सिनेमा ज्यानं बदलला, त्या सिनेमाचा जन्म असा एका साइड प्रोजेक्टमधून झाला.

सिनेमाचं वेड तर आधीपासून होतंच. थिएटरच्या अंधारात वहीत नोट्स घ्यायच्या. एखाद्या कादंबरीवर सिनेमा येतोय असं कळलं की आधी स्वतःच त्याची पटकथा लिहून ठेवायची, मग सिनेमा बघून ताडून पाहायचं. कोणी सांगितलं होतं? कोणीच नाही. १९४७ मध्ये मित्रांबरोबर त्यांनी कलकत्ता फिल्म सोसायटी काढली. १९५० मध्ये कंपनीनं कामासाठी लंडनला पाठवलं, तर काही महिन्यांच्या मुक्कामात पठ्ठ्यानं ९९ सिनेमे पाहिले! त्यातला एक डी सिकाचा ‘बायसिकल थीव्हज’. स्टुडिओ नको, स्टार नको, रस्त्यावरची माणसं घेऊन सिनेमा होतो, हे त्यांना तिथे पटलं. परतीच्या बोटीवर ‘पथेर पांचाली’चं टिपण सुरू झालं. ऑनसाइट गेलेला माणूस परत येताना चॉकलेटं आणतो. यांनी सिनेमा आणला.

इथवर मित्र ऐकून घेत होता. मग म्हणाला, ‘पण स्क्रिप्ट?’ मी म्हटलं, तीच तर गंमत आहे. ‘पथेर पांचाली’ची रीतसर पटकथाच नव्हती. होती एक वही, काळ्या शाईच्या वॉशमध्ये शॉटमागून शॉट काढलेली. अपूचा चेहरा, म्हातारी इंदिर, गावातली पायवाट. पानं उलटत गेलं की चक्क कॉमिक वाचतोय असं वाटतं. ही वही घेऊन रे निर्मात्यांच्या दारोदार फिरले. निर्मात्यांना गाणी हवी होती, नाव असलेले नट हवे होते. चित्रं बघून कोण पैसे देणार? शेवटी स्वतःची विमा पॉलिसी मोडली, पत्नी बिजोयाबाईंचे दागिने गहाण पडले आणि २७ ऑक्टोबर १९५२ ला पांढऱ्याशुभ्र काशफुलांच्या रानात पहिला शॉट लागला. अपू आणि दुर्गा आगगाडी बघायला धावतात, तो प्रसंग.

आणि नोकरी? नोकरी चालूच होती. शूटिंग रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी.

पुढच्या रविवारी युनिट त्याच जागी पोचलं, तर रानात एक काशफूल शिल्लक नाही. मधल्या दिवसांत गुरांनी सगळं खाऊन टाकलं होतं! तुम्ही-आम्ही काय केलं असतं? दुसरीकडे कुठेतरी उरकलं असतं. ते पुढच्या शरद ऋतूपर्यंत थांबले. उरलेला प्रसंग काश पुन्हा फुलल्यावर घेतला. मध्ये पैसे संपले, काम महिनोन्‌महिने बंद पडलं, शेवटी पश्चिम बंगाल सरकारनं पैसे दिले. मे १९५५ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये पहिला खेळ झाला आणि ऑगस्टमध्ये सिनेमा कलकत्त्यात लागला. तोवर हा माणूस सोमवारी सकाळी ऑफिसला जात होता.

‘हे सगळं ठीक आहे,’ मित्र म्हणाला, ‘पण त्यांचे आजोबा उपेंद्रकिशोर होते आणि वडील सुकुमार राय. माझे वडील वीज मंडळात होते.’

मुद्दा अगदी बरोबर आहे आणि तो उडवून लावण्यात अर्थ नाही. आजोबांनी १९१३ मध्ये ‘संदेश’ हे मुलांचं मासिक काढलं, स्वतःचा छापखाना चालवला. वडिलांची ‘आबोल ताबोल’ची विचित्र, हसरी चित्रं बंगालमधल्या प्रत्येक घरात. असं घर सगळ्यांना मिळत नाही. पण सत्यजित अवघे दोन वर्षांचे असताना वडील गेले आणि काही वर्षांत तो छापखानाही हातातून गेला. वारसा होता, गल्ला नव्हता. आणि गल्ला नव्हता, म्हणूनच ती ८० रुपयांची नोकरी होती.

मला स्वतःला यापेक्षा जास्त भिडते ती गोष्ट पुढची आहे. सिनेमा जमल्यावर या माणसानं चित्रं काढणं सोडलं नाही. एवढा मोठा दिग्दर्शक झाल्यावर पोस्टर दुसऱ्या कोणाकडून करून घेता आलं असतं, यांनी स्वतः केली. प्रत्येक सिनेमासाठी लाल कापडी बांधणीच्या, वाण्याच्या खातेवहीसारख्या वह्या भरल्या. त्यात संवाद, कपडे, सेट, दाढी-मिश्यांचे नमुने, सगळं एकत्र. रोमन लिपीचे टाइपफेस बनवले, त्यातल्या ‘रे रोमन’ आणि ‘रे बिझार’ला १९७१ मध्ये आंतरराष्ट्रीय स्पर्धेत पारितोषिक मिळालं. १९६१ मध्ये आजोबांचं बंद पडलेलं ‘संदेश’ पुन्हा सुरू केलं आणि पानं भरायला हवीत म्हणून मुलांसाठी गोष्टी लिहिल्या. त्यातूनच प्रोफेसर शंकू आला, फेलूदा आला. चित्रं अर्थात स्वतःचीच. आपल्याकडे ज्यांनी फास्टर फेणे वाचताना जेवण थंड केलंय, त्यांना फेलूदा लगेच जवळचा वाटेल, मराठीतही तो आलाय. ‘शोनार केल्ला’ सिनेमात फेलूदाच्या भावाच्या, तोपशेच्या हातात टिनटिनचं पुस्तक दिसतं. त्रेपन्न वर्षांचा दिग्दर्शक आपल्या सिनेमात आपलं आवडतं कॉमिक हळूच ठेवून देतो! आपल्या मीटिंगमधल्या कोपऱ्यातल्या चित्राशी याचं काहीतरी नातं नक्कीच आहे.

बघा, यातलं काय ‘पुढे’ गेलं आणि काय नाही, हे आधी ठरवून त्यांनी काहीच केलेलं दिसत नाही. कव्हरमधून सिनेमा निघाला, मासिकातून डिटेक्टिव्ह निघाला. त्यांनी आवडीसाठी नोकरीवर लाथ मारली नाही, आणि आवडीला आल्याआल्या नोकरीलाही लावलं नाही. तिला फक्त उपाशी ठेवलं नाही.

मित्राच्या प्रश्नाचं उत्तर मात्र मला सत्यजितबाबूंपेक्षा त्यांच्या मास्तरांत सापडलं. बिनोदबिहारींची नजर जन्मापासूनच अधू होती आणि १९५७ मध्ये ऑपरेशननंतर ती पूर्ण गेली. चित्रकाराचे डोळे गेले! ‘अर्थ काय’ असं विचारायचा हक्क कुणाला असेल तर त्यांना. पण ते काम करत राहिले. बोटांनी चाचपून कागदाचे तुकडे कापले, चिकटवले, रेषा काढल्या, मातीच्या छोट्या आकृत्या केल्या, भिंतीसाठी टाइल्सचं म्युरल रचलं. रेंनी १९७२ मध्ये त्यांच्यावर ‘द इनर आय’ ही छोटी डॉक्युमेंटरी केली. वीसेक मिनिटांची आहे. काळा चष्मा लावलेले बिनोदबाबू कागदावर हात फिरवताना दिसतात. त्या चित्रांचं ‘पुढे काय’ हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी कधीच दिसणार नव्हतं.

एआय दुपारपर्यंत शंभर चित्रं काढेल, कबूल. क्लायंटला ती पुरतील, हेही कबूल. पण काढताना जे होतं ते त्या शंभर चित्रांत नाही, कारण ते कागदावर नसतंच, काढणाऱ्याच्या आत होतं. अपू आणि दुर्गा रेंना दिसले ते चित्र काढून झाल्यावर नव्हे, काढता काढता. ते काम दुसऱ्याला दिलं की चित्र मिळतं, अपू मिळत नाही.

मित्रानं नोकरी सोडलेली नाही, सोडूही नये असं माझं मत आहे. ईएमआय कुणाला चुकलाय? ‘पथेर पांचाली’ची ती चित्रवही २०१६ मध्ये पुस्तकरूपानं आली. माझी प्रत तो ‘दोन दिवसांत देतो’ म्हणून घेऊन गेला, त्याला आता दोन महिने होतील. मागायची घाई मी केलेली नाही.

रेंचा शेवटचा सिनेमा ‘आगंतुक’, १९९१ मधला. त्यातले मामा तरुणपणीच घर सोडून जगभर हिंडलेले असतात. का? तर अल्तामिराच्या गुहेतल्या बायसनचं चित्र पाहून ते हादरलेले असतात. कुठल्याही आर्ट स्कूलनं न शिकवता कोणीतरी हजारो वर्षांपूर्वी काढलेला तो बायसन. सत्तरीतल्या, आजारी माणसाला आपल्या शेवटच्या सिनेमात सांगावंसं वाटलं ते हे! त्या बायसनच्या चित्रकाराचं नाव कुणाला माहीत नाही, त्याला ब्रीफ कुणी दिलं नव्हतं, आणि दिवसभर शिकार करून थकल्यावरच तो कधीतरी गुहेत शिरला असणार.

रविवार लांब नाही. शाई वाळली असेल तर थोडं पाणी घाला.